चूक पाहायला आलेली बाई

"पाहिलं का आयकलं?"

कोणी काहीही सांगितलं, की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि हा प्रश्न टाकायच्या. दूधवाल्यानं सांगितलं, की कारध्याच्या पुलाखाली मोठी मगर निघाली, तरी हाच प्रश्न. शेजारीण म्हणाली, की अमक्याची सून फार भांडखोर आहे, तरी हाच. एकदा पोलीस पाटील ओळख करून घ्यायला आले आणि अभिमानानं म्हणाले, "आमच्या गावात भांडणतंटा काही होत नाही, मॅडम." मॅडमनी चष्मा वर केला. पाटील स्वतःच हसून म्हणाले, "आयकलं."

तुमच्याही गावात बाहेरून आलेली, सगळ्यांना प्रश्न विचारणारी माणसं येऊन गेली असतील. बहुतेक जण माहिती गोळा करतात आणि जातात. ही बाई मात्र स्वतःची चूक शोधायला आली होती.

मी आसगावात इंग्रजी शिकवते. माझं माहेर भंडाऱ्याचं, घरी हातमाग; लग्न होऊन इकडे आले. आमच्या घरावर एक जादा खोली आहे, तिथे पूर्वी बदलीवर आलेले शिक्षक राहायचे. एका दिवाळीनंतर गावातले एक वयस्क गृहस्थ आले आणि म्हणाले, "माझ्या बहिणीची अमेरिकेतली मैत्रीण येत्या महिन्यात येऊन राहिली. दोन महिने राहायचं म्हणते. तुमची खोली आणि तुमची इंग्रजी, दोन्ही पाहिजे." त्यांची बहीण तिकडे डॉक्टर होती आणि वर्षभरापूर्वीच वारली होती.

मॅडम आल्या तेव्हा पासष्टच्या पुढच्या होत्या. उंच, जरा वाकलेल्या, पायात पुरुषी बूट. अमेरिकेत त्यांचं नाव होतं. सात कादंबऱ्या, आणि तीस वर्षं वर्तमानपत्रांत पुस्तकांची परीक्षणं. त्यांच्या परीक्षणांना तिकडचे लेखक घाबरायचे, हे मला पुढे कळलं. पण पहिल्याच दिवशी पवनीच्या बाजारात त्यांनी भाजीवालीला, "मले सांबार द्या, ताजा पायजे," असं ठसक्यात सांगितलं आणि त्या बाईनं कोथिंबिरीची दुप्पट जुडी देऊन टाकली. त्यांचं मराठी त्या मैत्रिणीकडून आलेलं, म्हणजे थेट आमच्या मातीतलं. पुण्याकडचे एक अधिकारी त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागले, तर मॅडम त्यांना म्हणाल्या, "मराठीत बोला ना साहेब, कायले लाजता?" साहेबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. पण हे चार वाक्यांपुरतं; समोरून कोणी भराभर बोलू लागलं, की त्यांना अर्धंही कळत नसे आणि त्या माझ्याकडे पाहायच्या.

टीका करण्याची सवय त्यांच्या हाडात मुरली होती. आमच्याकडे आलेली लग्नपत्रिकासुद्धा त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या आणि म्हणायच्या, "यात एकवीस नावं आहेत. नवरीचं नाव सर्वांत बारीक अक्षरात का?" मी चिडून सांगितलं, की अशीच पद्धत असते. "हो," त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारलं."

एकदा त्यांना शाळेत नेलं. मुलींनी 'माझी आई' हा निबंध लिहिला होता. पस्तीस वह्यांत पस्तीस प्रेमळ आया, सगळ्या पहाटे उठणाऱ्या. मॅडमनी एका मुलीला विचारलं, "तुज्या आईच्या हाताले कशाचा वास येते?" मुलगी लाजली. मग हळूच म्हणाली, "झिंग्यांचा." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीची वही माझ्याकडे दिली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हिचा निबंध आता सुरू झाला." त्या मुलीनं घरी जाऊन पुन्हा निबंध लिहिला. मी पंधरा वर्षं तपासलेल्या निबंधांत तो पहिला होता, जो मला माझ्या घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवावासा वाटला.

संध्याकाळी आम्ही सपरीत बसायचो. घराच्या पुढच्या त्या पडवीत मॅडमना लाखोरीची डाळ निवडायला फार आवडायचं. एक एक खडा बाजूला काढत त्या स्वतःबद्दल बोलायच्या. त्यांची आई एका लाँड्रीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. कपडे गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं यायची, ती ही मुलगी टेबलाखाली बसून वाचायची. नाटक-सिनेमा, पुस्तकं, यांतलं काहीच बघायला मिळत नसे. पण त्यांची परीक्षणं मात्र ती वाचायची. "मी पुस्तक वाचण्याआधी पुस्तकाबद्दलची भांडणं वाचायला शिकले," त्या म्हणायच्या.

नवरा त्यांना लवकर सोडून गेला होता. एक मुलगी होती, दूरच्या शहरात. एका जिवलग लेखक मैत्रिणीच्या कादंबरीवर त्यांनी खरं ते लिहिलं, तर ती अकरा वर्षं बोलली नाही. "वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "फार वाटलं. पण खोटं लिहिलं असतं, तर ती अकरा वर्षं माझ्याशी बोलली असती आणि मी तिच्याशी नसते."

आसगावला येण्याचं कारण त्यांनी आठवडाभरानं सांगितलं.

विद्यार्थी असताना त्या आणि आमच्या गावची ती डॉक्टर एका खोलीत राहायच्या. मैत्रीण स्वयंपाक करता करता गावच्या गोष्टी सांगायची: तलाव, मासे मारणारी माणसं, धानाच्या बांध्या. त्या गोष्टींवरून मॅडमनी आपली पहिली कादंबरी लिहिली. तलावाकाठची एक बाई, तिचा नवरा बुडून मरतो, ती त्याचं जाळं त्याच्या चितेवर ठेवते आणि पुन्हा जन्मात पाण्याला शिवत नाही. त्या प्रसंगावर वाचक रडले. त्याच पुस्तकानं त्यांचं नाव झालं.

मैत्रिणीनं तीस वर्षं त्या कादंबरीचं कौतुक केलं. शेवटच्या आजारात मॅडम तिला दवाखान्यात भेटायला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "तुझा तलाव सुंदर आहे. पण आमच्याकडे तसा कोणताच तलाव नाही."

"तीस वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं कुठं?"

एवढं बोलून मॅडम पुन्हा लाखोरी निवडू लागल्या. दुसऱ्यांच्या पुस्तकांत तीस वर्षं खोट काढणाऱ्या बाईला स्वतःच्या पुस्तकाबद्दल हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं. आता त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. त्याआधी त्यांना तो प्रसंग तलावाकाठच्या बायकांना वाचून दाखवायचा होता.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर तलावाकाठी मासेमारी करणाऱ्या लोकांची एक टोली आहे, वीस-पंचवीस घरांची. तिथल्या कवतिकामाय सगळ्यांत जाणत्या. साठीच्या, काटक, तोंडानं फटकळ. मी त्यांना ओळखत होते, कारण त्यांची नात माझ्या वर्गात होती. वास येणाऱ्या हातांचा निबंध लिहिणारी तीच. आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी मी मॅडमना सांगितली नव्हती: कवतिकामायचा नवरा त्याच तलावात बुडून गेला होता.

सांगायचं टाळलं, कारण मला वाटलं, परक्या बाईला हे कशाला. आणि वाचन तिथे करू नका म्हणायचा मला धीर झाला नाही. दोन्हीकडून भित्रेपणाच.

दुपारी बायका जाळी वाळत टाकून झाडाखाली बसल्या होत्या. मॅडम एक एक परिच्छेद इंग्रजीत वाचायच्या, मी तो मराठीत सांगायची. नवरा बुडाला, तोवर सगळ्या गप्प होत्या. जाळं चितेवर ठेवलं, हे मी सांगितलं आणि कवतिकामायनं मान वर केली.

"जाळं जाळलं? अख्खं जाळं?" त्या म्हणाल्या. "त्या बाईचं डोस्कं फिरलं होतं का? का लिवनारीचं?"

बायका खो खो हसल्या. एकीनं डोळे पुसले. कवतिकामाय हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माजा मानूस गेला तवा मी असं करती, तं लेकरं काय खाती? राख?"

हसणं थांबलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी इंग्रजीत सांगितलं, "त्यांना गोष्ट आवडली. फक्त त्या म्हणतात, की आमच्याकडे जाळं जाळायची पद्धत नाही."

मॅडमनी पुस्तक मिटलं. बायकांचे आभार मानले. परतताना बांधावरून त्या माझ्या पुढे चालत होत्या. सपरीत पोचल्यावर चहा घेतला, मग म्हणाल्या, "हसणं मोठं होतं. तुमचं वाक्य लहान होतं. आणि हसणं एकदम थांबलं, त्याचं तर तुम्ही वाक्यच केलं नाहीत."

मला राग आला. कोणी चोरी पकडली, की येतो तसा. मी म्हणाले, "तुम्ही दोन महिन्यांनी जाल, मॅडम. मला इथेच राहायचं आहे. त्यांचं तुम्हाला टोचेल, तुमचं त्यांना टोचेल, मधे मी. मी जरा गोड केलं तर कोणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं," त्या म्हणाल्या. "मैत्रिणीनं तीस वर्षं गोड केलं. तिचं माझ्यावर प्रेम होतं म्हणून. तुमचंही असेल. पण त्यात मी मूर्ख राहिले आणि त्या बाईचं बोलणं हवेत गेलं."

मग मी सगळं सांगितलं. डोकं फिरल्याचं, राखेचं, कवतिकामायच्या नवऱ्याचं. नवऱ्याचं ऐकलं आणि मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. 

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "उद्या तुम्ही एकट्या जा. त्यांना सांगा, की ही गोष्ट मी लिहिली, न पाहता लिहिली. त्यांच्यापुढे ती वाचली, याची मला लाज वाटते. त्यांनी बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर विषय संपला. आणि हे गोड करू नका."

दुसऱ्या दिवशी मी गेले. गोड न करता सांगितलं. कवतिकामाय मासे साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले वाटलं होतं, तिले मालूम होतं आन मुद्दाम वाचून राहिली."

"नाही, माय. माहीत मला होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आजही आठवतं. मग म्हणाल्या, "घेऊन ये तिले. तिची चूक ती मानते. तुजी तू मान."

मी मानली. तिथेच, मासळीच्या टोपलीशेजारी.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या हातात वही नव्हती. कवतिकामायनं त्यांना बाजेवर बसवलं, आपण खाली बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचं बोलणं मी तेव्हा शब्दाला शब्द इंग्रजीत केलं, म्हणून ते अजून मला पाठ आहे.

"तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचंच जाळं घेऊन पान्यात उतरली मी. भ्या वाटत होतं. पन घरी तीन लेकरं. जाळ्यात त्याच्या हातच्या गाठी होत्या. त्याची गाठ बारीक, माजी मोठी. जाळं फाटे, तवा त्याची गाठ तुटे आन मी तेथं माजी मारू. असं करता करता त्याच्या गाठी कमी झाल्या, माज्या वाढल्या. मी रोज पाहून ठेवू, आज किती राहिल्या. कोनाले सांगत नव्हती. लोक म्हनत, कवतिका रडत काहून नाही? आखरीची गाठ तुटली, त्या दिवशी रडली मी. भर दुपारी, कमरेइतक्या पान्यात."

शेवटचं वाक्य इंग्रजीत करताना मी दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा ते पूर्ण केलं.

मग मॅडमनी मराठीत विचारलं, "हे मी लिहू का, माय? नाही म्हनाल तं नाही लिहीन."

कवतिकामायनं थोडा विचार केला. "लिव. पन माजं नाव लिव. त्या तुज्या बाईचं नको. तिनं जाळं जाळलं."

मॅडम गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आल्या. या वेळी त्या रोज टोलीवर जायच्या. कवतिकामाय त्यांना गाठ मारायला शिकवायच्या आणि प्रत्येक गाठ उसवायला लावायच्या. "ढिल्ली," एवढंच म्हणायच्या. मॅडम मला सांगायच्या, "इतका कडक समीक्षक मला तिकडे भेटला नाही." एका दुपारी कवतिकामायनं गाठ ओढून पाहिली आणि काही न बोलता पुढची दोरी हातात दिली. मॅडम घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होत्या.

नव्या आवृत्तीबद्दल त्यांच्या प्रकाशकानं सुचवलं होतं, की तो प्रसंग बदलून टाका, नवा घाला. मलाही ते बरोबर वाटलं. मॅडमनी नकार दिला. "त्या बाईचं दुःख मी घरी बसून बेतलं आणि लोक त्याला रडले. ते रडणं झालेलं आहे. आता गुपचूप पान बदललं, तर मी दुसऱ्यांदा खोटं बोलेन." त्यांनी कादंबरी होती तशी ठेवली आणि शेवटी स्वतःच्याच पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकावर त्या लिहितील तितकंच कडक. आपण काय पाहिलं नव्हतं, काय नुसतं ऐकलं होतं, आणि ऐकलेलंही सुंदर दिसावं म्हणून कसं वाकवलं, ते सगळं त्यात होतं. त्यानंतर कवतिकामायचं बोलणं, त्यांच्या नावासकट. आणि खाली, ते इंग्रजीत कोणी केलं, त्या माझं नाव.

माझं नाव पाहून मी म्हणाले, "मॅडम, मी तर पहिल्या दिवशी खोटं सांगितलं होतं."

"तेही लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "परवानगी देता का?"

मी दोन दिवस घेतले आणि दिली.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तलावातलं बेशरम काढण्यावरून टोलीच्या बायकांची एका अधिकाऱ्यांशी बैठक झाली. बेशरम म्हणजे ती काठावर माजणारी झुडपं. ती वाढली, की मासे अंडी घालत नाहीत. अधिकारी बाहेरच्या राज्यातले, त्यांना आमची बोली कळेना. मला बोलावलं. बायका तावातावानं बोलल्या. पूर्वी मी उठून म्हणाले असते, "महिलांची नम्र विनंती आहे." या वेळी मी म्हणाले, "त्या म्हणतात, तुम्ही कागदावर तलाव दोनदा साफ केला. त्या रोज त्यात उतरतात. तुम्ही एकदा येऊन पाहा." मग ते अधिकारी उठले, चपला घातल्या आणि आमच्याबरोबर तलावापर्यंत चालत आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. काम पावसाळ्याआधी सुरू झालं. हे मी मॅडमना पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "आता तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या समीक्षक झालात."

त्यांनी माझी केलेली ही एकुलती एक स्तुती. मी ती जपून ठेवली आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात त्या आल्या नाहीत. तब्येत बरी नाही, एवढंच कळवलं. मी खोली झाडून ठेवली होती. होळीच्या आसपास त्यांच्या मुलीचं पत्र आलं, की आई गेली. पत्रासोबत एक पार्सल होतं: नव्या आवृत्तीच्या दोन प्रती, एक माझ्यासाठी, एक कवतिकामायसाठी. पहिल्या पानावर मॅडमची सही होती, अक्षर हललेलं.

मी दोन्ही प्रती घेऊन टोलीवर गेले. आधी बातमी सांगितली. कवतिकामायनं हातातली दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "वाच."

मी ते शेवटचं परीक्षण मराठीत सांगत गेले. बायका भोवती बसल्या होत्या. कवतिकामायचं नाव आलं, तेव्हा त्यांनी कागदावर ते कुठे आहे, ते दाखवायला लावलं, आणि हात लुगड्याला पुसून त्या जागेवर बोट ठेवलं. पुढे मॅडमनी लिहिलं होतं, की कवतिकाबाईंना जाळं विणायला त्यांच्या नवऱ्यानं शिकवलं, म्हणून त्याची विद्या त्यांच्या हातांत उरली.

"थांब," कवतिकामाय म्हणाल्या. "हे चुकलं."

"काय चुकलं, माय?"

"त्यानं नाही शिकवलं. मी माहेरून शिकून आली होती. त्याले मीच शिकवलं. म्हनून त्याची गाठ बारीक. नवा होता ना तो, जपून जपून मारे."

बायकांमध्ये हसू पसरलं. कवतिकामायही हसल्या. मी त्यांच्याबरोबर हसता हसता थांबले, कारण हे जिला सांगायला हवं, ती बाई आता नव्हती.

कवतिकामायच्या ते लक्षात आलं असावं. "तिची पोरगी हाये ना तिकडं?"

"आहे."

"मंग तिले लिव. पुढच्या पुस्तकात बराबर करा म्हना."

मी पिशवीतून पेन काढलं आणि त्यांच्या प्रतीच्या त्या पानाच्या कडेला ती दुरुस्ती त्यांच्याच शब्दांत लिहिली. माझ्या प्रतीतही लिहिली. घरी येऊन मुलीला पत्र लिहायला बसले, तेव्हा निघताना कवतिकामायनं मागून हाक मारून सांगितलेलं वाक्य आधी लिहिलं, गोड न करता, त्या बोलल्या तसं.

"बाकी सारं बराबर हाये."